हकीकत हिरव्या दिव्याच्या लपंडावाची

श्री अग्निनारायण समर्थ. भट्टी अखंड राहो, काच निर्मळ उतरो, लिहिणाराचे हातून अधिक उणे घडल्यास ऐकणाराने पोटात घालावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीचे वर्तमान येणेप्रमाणे. आपण पुसिले की, काचेच्या राज्याचे डोळे ऐन दसऱ्यानंतर कशाने गेले आणि कोणाचे हाते परत आले, ते सविस्तर लिहून ठेवावे, त्यावरून लिहितो. काही डोळ्यांनी पाहिले, काही चहाच्या टपरीवर ऐकिले. टपरीवरचे निम्मे वजा करून उरले तेवढेच घेतले आहे, तरी खातरजमा असावी.

राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की कारभारी आम्हांस बोलावून घेतील आणि चहाही न पाजता जाब पुसतील. माळावर पत्र्याचे छप्पर, मध्ये भट्टी, आणि ती भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझत नाही, सणाला नाही आणि संपालाही नाही. तिच्यातून वितळलेली काच वाहे, आणि साच्यांत पडे, आणि तिच्या औषधाच्या बाटल्या होत, आणि त्या बाटल्या लाल रांगेने निववणीच्या लांब बोगद्यात शिरत आणि थंड होऊन पलीकडे निघत. बोगद्याच्या पलीकडच्या मुखाशी कॅमेरे टेहळणीस बसविले होते. ते प्रत्येक बाटलीचे चहूअंगांनी चित्र काढीत आणि दूरच्या इमारतीतील संगणकाकडे पाठवीत, आणि संगणक क्षणात निवाडा करी की ही चांगली, पुढे जाऊ द्या, आणि हिला तडा आहे, फोडा. राज्याचा कायदा ऐसा की, ज्या बाटलीचे चित्र निवाड्यास पोहोचले नाही ती संशयित समजावी आणि फोडावी, कारण औषध लेकराच्या पोटात जाते, तेथे काचेची कणी चालत नाही. कायदा चांगला. परंतु चित्रांची वाट अडली तर त्याच कायद्याने चांगल्या बाटल्यांचे शिरकाण चालू होई, आणि फुटक्या काचेचा ढीग अंगणात चढत जाई.

कॅमेरे आणि संगणक यांमधील सर्व वाटा जेथे मिळतात तेथे स्विच म्हणून एक लोखंडी पेटी असते. तिला ओळीने दारे, दारादारांत तार खोचलेली, आणि प्रत्येक दारावर इवला हिरवा दिवा. दिवा स्थिर तर वाट चालू, दिवा विझला तर वाट बंद. पूर्वी मुख्य वाट तांब्याच्या तारेची होती, आणि मोठाल्या मोटारी सुरू जाहल्या की त्यांच्या विजेचा कलकलाट तांब्यात शिरे आणि चित्रे वाटेतच फाटत. मग राज्यात मंजिरीबाई सोनटक्के दळणवळणाच्या अधिकारी म्हणून आल्या. बाई वयाने तरुण, बोलणे थोडे, रुसणे त्याहून थोडे. त्यांनी धन्यांपुढे अर्ज केला की, तांब्याचे जागी काचेची तार घालावी. ती केसासारखी बारीक असते, तीतून चित्रे उजेडाच्या रूपाने धावतात, आणि काचेस मोटारींचा कलकलाट ऐकू येत नाही. कारखान्याचे व्यवस्थापक मुकुंदराव टिळेकर, ज्यांस आम्ही कारभारी म्हणतो, मोठे दक्ष गृहस्थ, परंतु संवत्सराचे नाव त्यांनी मनावर घेतलेले, ते म्हणाले, "काचेच्या कारखान्यात काचेची तार! उद्या म्हणाल, पाण्याचा नळ पण पाण्याचाच करा." सदर हसली. सदर म्हणजे सकाळची मीटिंग. तेथे कारभारी विनोद करितात तेव्हा हसण्याची वहिवाट आहे. धनी बडीशेप चघळीत होते. ते शांत पुरुष, घाईने काही करीत नाहीत, हसतही नाहीत. त्यांनी बडीशेपेची वाटी बाईंपुढे सरकविली आणि पुसिले, "नीट चालेल?" बाई म्हणाल्या, "चालेल, साहेब. नाही चालली तर मी जबाबदार." आणि चिमूटभर बडीशेप उचलिली. पूर्वी विडे उचलीत, हल्ली कारखान्यात पान चालत नाही, म्हणून बडीशेप. तरी पैज ती पैजच. मग गणपती बोळविल्यावर नवी पेटी आली, काचेच्या दोन तारा आल्या, बाईंनी त्यांची टोके स्वहस्ते पुसून दारांत बसविली, आणि दिवे ऐसे स्थिर लागले की कॅमेऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहीना. सुरळीत चालले म्हणजे कोणी पाहत नाही, ही दळणवळणाच्या खात्याची जन्मपत्रिका आहे.

ऐसे चालता नवरात्र बसले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी या राज्यात हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. यंत्रे थोडका वेळ थांबवितात, वाहती काच बाजूच्या कुंडात सोडून देतात, आणि करवतीपासून क्रेनपर्यंत सर्वांस हळदकुंकू आणि झेंडू वाहतात. कारभाऱ्यांस हे आवडत नसे. ते म्हणत, यंत्रांत पूड जाते, वेळ जातो, आणि पेढे खाऊन माणसे सुस्तावतात. एकदा एक निमित्त सापडू द्या, ही पूजा बंदच करतो. परंतु निमित्त सापडत नव्हते, आणि पूजेचा मान तात्या वाघचौरे यांचा होता. तात्या साच्यांचे फोरमन, जुने जाणते, भट्टीच्या आवाजावरून तिची तब्येत सांगणारे. त्यांस हा मान त्यांच्या वस्तादाकडून आला आणि मानाबरोबर रीतही आली. रीत ऐसी की, हत्यार उघडे करून पुजावे. करवतीचे दाते, पान्याचा जबडा, साच्याचे ओठ, हत्यार जेथून काम करिते तेथे कुंकू टेकले पाहिजे, मुठीस लावून देवीस पोहोचत नाही. कोणी नवशिका घाईने यंत्राच्या पत्र्यावर बोट ओढू लागला तर तात्या त्यास थांबवीत आणि पुसत, "म्यानातल्या तलवारीला कुकू लावत्यात व्हय रं?"

त्या दिवशी मंजिरीबाई सणास आपले गावी गेल्या होत्या. तात्या पूजा करीत करीत पेटीच्या खोलीपाशी आले. पूजेच्या दिवशी सर्व खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याच करगोट्यास असत. ते आत गेले आणि पेटीपुढे उभे राहिले, आणि त्यांचे मनात आले की, ही पोर नवी, पेटीही नवी, आणि टिळेकर साहेबांची नजर दोघींवर. इथली पूजा यथासांग झाली पाहिजे. हे पुढे तात्यांचेच तोंडून कळले. मग त्यांनी तारा ओढून पाहिल्या. बारक्या तांब्याच्या तारांच्या खिट्ट्या त्यांच्या जाड बोटांस सुटेनात, म्हणून त्या वाचल्या. काचेच्या दोन तारा मात्र सहज निघाल्या. त्यांच्या टोकास पांढरी बारीक नळी असते आणि नळीच्या तोंडी काचेचा ठिपका, दिसे न दिसे ऐसा. सगळा उजेड तेथूनच पार होतो. तात्यांनी तेच हत्याराचे पाते जाणिले, आणि हळद लाविली, आणि कुंकू लाविले, अनामिकेने, अगदी हळू, लेकराच्या कपाळी लावावे तैसे. एकीस लावून दुसरीस न लावणे बरे दिसेना म्हणून दोघींस लाविले. मग फुंकर घालून जास्तीचे उडविले, आणि तारा होत्या तैशा खोचिल्या, आणि हिरवे दिवे लागले. तात्यांनी हात जोडिले आणि पेढे वाटावयास गेले.

दसरा जाहला, यंत्रे पुरत्या वेगाने धावू लागली, आणि दिव्यांनी लपंडाव आरंभिला. लागे आणि विझे, विझे आणि लागे. बाटल्यांचे यंत्र थडथडले की विझे, शांत जाहले की लागे, आणि कधी काही कारण नसता विझे. तेवढ्यात चित्रे अडत, आणि चित्रे अडली की कायद्याप्रमाणे बाटल्या फुटत, चांगल्या, निर्दोष, ज्यांचा गुन्हा एवढाच की त्या वेळी कोणी पाहिले नाही. बाई अजून गावाहून परतावयाच्या होत्या. मग कारभारी स्वतः मोहिमेवर निघाले. त्यांनी एकाच दुपारी पेटी बंद करून चालू केली, आणि तारांची दारे बदलिली, आणि वाटेचा वेग उतरविला, आणि पेटीस उष्मा होत असेल म्हणून टेबलावरचा पंखा लाविला, आणि पेटी विकणाऱ्या दुकानाचा माणूस बोलाविला, त्याने पेटीकडे न पाहताच पेटी निर्दोष असल्याचे सांगितले. आणि त्याच गर्दीत पेटीस लिंबू-मिरचीही बांधिली गेली, ती कोणी, हे आजवर उघडकीस आले नाही. दिवे स्थिर जाहले. मग पंखेवाला म्हणे पंख्याने, दारे बदलणारा म्हणे दाराने, आणि कारभारी म्हणत, "मी लक्ष घातलं म्हणून." परंतु वेग उतरल्याने वाट अरुंद जाहली, त्यातून निम्मीच चित्रे जाऊ लागली, आणि उरल्या निम्म्या बाटल्या न पाहताच फुटू लागल्या. घरातला उंदीर मारावयास गेले आणि घरच पाडून आले, तशातली गत. वेग पुन्हा वाढविला तो दिवे पुन्हा विझू लागले.

मंजिरीबाई परतल्या तोच सदरेवर बोलावणे आले. कारभारी म्हणाले, "दिवाळीच्या आधी औषधवाले पाहणीला येणार आहेत. त्यांनी हा प्रकार बघितला तर ऑर्डर गेली म्हणून समजा. धनत्रयोदशीपर्यंत तुमचा वेळ. नाही जमलं तर काचेची तार उखडून पुन्हा तांबं घालतो, आणि तुम्ही पुठ्ठ्याच्या गोदामावर जायचं." धन्यांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, सर." गोदामावर जाणे म्हणजे नोकरी राहणे आणि विद्या मरणे, हे सर्वांस ठाऊक होते, आणि बाईंस सर्वांहून अधिक.

मग बाईंनी प्रथम हुकूम काढिला की, यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलून वाट पाहावी, आणि गुण न आल्यास ती पूर्ववत करून मगच दुसरीस हात घालावा. हुकूम ऐकून पुष्कळांची निराशा जाहली, कारण या राज्यात एकच गोष्ट करून गप्प बसण्याची सवय कोणास नाही. बाईंनी कारभाऱ्यांनी केलेले सर्व उलटून मूळपदी आणिले. मग पंखा एकटा लावून पाहिला, दिवे विझलेच, तेव्हा उष्म्याची सुटका जाहली. मग ज्या दाराचा दिवा विझे त्या दारातील उजेड पाठविणारे मॉड्यूल काढून राखीव नवे घातिले, आणि गुण न आला तेव्हा तार पेटीच्या दुसऱ्या रिकाम्या दारात खोचून पाहिली. दार बदलिले तरी आजार तोच राहिला. तेव्हा मॉड्यूल सुटले आणि पेटीही सुटली. मग वेग कमी करून पाहिला तो दिवा टिकला, वाढविला तो पडला. बाई म्हणाल्या, "हळू बोललं तर ऐकू जातं, भरभर बोललं तर नाही. म्हणजे बोलणारा ठीक, ऐकणारा ठीक. मध्ये आवाज क्षीण होतोय." पेटीस पुसता येते की, किती उजेड निघाला आणि किती पोहोचला. पुसिले, तो निघताना भरपूर आणि पोहोचताना जेमतेम. यंत्र थडथडले की जेमतेमाहूनही उणा. तेव्हा चोर वाटेवर होता.

बाई वाट पाहावयास निघाल्या, तो तात्या आपण होऊन बरोबर आले. साच्यांचे काम हाताखालच्यांकडे सोपवून आले, कोणी बोलाविले नव्हते. दोघांनी तार पायी चालून पाहिली, शिडीवर चढून पाहिली, आणि एका खांबापाशी कोणी प्लॅस्टिकची पट्टी इतकी आवळली होती की काचेची तार कोपरासारखी वाकली होती. काचेस वाकवू नये, उजेड सांडतो. बाईंनी पट्टी कापिली आणि पोहोचणारा उजेड किंचित वाढला. ती सबंध पाळी दिवे स्थिर राहिले. तात्यांनी कोठून तरी गूळ पैदा करून सर्वांच्या हातावर ठेविला आणि म्हणाले, "गावला एकदाचा." दुसरे दिवशी सकाळी मोटारी एकदम सुरू जाहल्या आणि दिवे गेले. कारभारी दारातून डोकावले, "झालं का गूळ खाऊन?"  धनत्रयोदशी जवळ येत होती, आणि बाईंच्या तोंडचे पाणी पळाले होते, हे आम्ही पाहिले. आम्हांस फार वाईट वाटले.

आता उरली होती फक्त टोके. टोकांवर बाईंनी आजवर संशय घेतला नव्हता, कारण ती त्यांनी स्वहस्ते पुसून बसविली होती. आपल्या हातच्या कामावर माणूस संशय घेतो तो सर्वांत शेवटी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्रे मंदावली तेव्हा बाईंनी आधी पलीकडचा उजेड बंद करविला, कारण तो डोळ्यांस दिसत नाही आणि डोळा मात्र जाळितो. तात्या बॅटरी धरून उभे राहिले. बाईंनी तारेचे टोक काढिले आणि हातातल्या बारक्या सूक्ष्मदर्शकाने पाहिले. जेथे निर्मळ वाटोळी काच दिसावयाची तेथे वाळूसारखे खडे पसरले होते. मग त्यांनी टोके पुसण्याचे खास फडके घेऊन टोक एकदा ओढिले आणि फडक्याकडे पाहिले. पाहतच राहिल्या. फडक्यावर बारीक तांबडी रेघ होती आणि तिच्या कडेला पिवळी झाक. तात्या म्हणाले, "काय गावलं?" बाईंनी फडके आतल्या बाजूस दुमडून खिशात घातिले आणि म्हणाल्या, "मळ आहे, तात्या. बॅटरी जरा वर धरा." मग दोन्ही तारांची टोके पुसली, आणि दाराच्या आतले मॉड्यूलचे तोंडही पुसले, आणि पुन्हा पाहिले, आणि पुन्हा पुसले, काच चांदण्यासारखी निर्मळ होईतो. तारा बसविल्या. उजेड पुरता पोहोचला. वेग चढविला, दिवे ढळले नाहीत. मोटारी एकदम सुरू करविल्या, दिवे ढळले नाहीत. पाळीमागून पाळी गेली, यंत्र थडथडत राहिले, दिवे आपले जागी, आणि अंगणातला काचेचा ढीग वाढावयाचा थांबला.

मग सदर भरली. धनी आले, कारभारी आले, खातेखात्याचे लोक आले, आणि तात्या साच्यांची खबर द्यावयास मागे भिंतीपाशी उभे राहिले. धनी म्हणाले, "सोनटक्के, चांगलं काम. कारण काय होतं?" बाई म्हणाल्या, "टोकांवर मळ बसला होता, साहेब. पुसला." येथे सर्व संपावयाचे. परंतु कारभारी दक्ष. ते म्हणाले, "मळ आला कुठून? खोलीला कुलूप, पेटीला झाकण. टोकं स्वच्छ ठेवायची जबाबदारी कुणाची?"

"माझी, सर."

"म्हणजे बसवतानाच घाणेरडी बसवलीत. एवढ्या चांगल्या बाटल्या फोडल्या आपण, त्या तुमच्यामुळं. बरोबर?"

बाईंच्या खिशात फडके होते. ते काढून मेजावर ठेविले असते तर पुढचे एक अक्षर बोलण्याची गरज नव्हती. परंतु कारभारी ज्या निमित्ताची वाट पाहत होते ते निमित्त तेच फडके, आणि ते बाहेर आले की पूजा जाणार आणि तात्यांचा मान जाणार, हे बाई जाणून होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर, सर."

कारभारी धन्यांकडे वळले. "साहेब, वाट सुरू झाली, आनंद आहे. पण ज्या माणसाला टोक पुसून बसवता येत नाही, त्याच्या हातात कारखान्याचे डोळे कसे द्यायचे? यांना गोदामाकडं द्या. मी दुसरा माणूस बघतो."

धन्यांनी चघळणे थांबविले. "सोनटक्के, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही, साहेब."

तेव्हा भिंतीपासून तात्या बोलिले. सदरेवर तात्या साच्यांखेरीज कधी बोलत नाहीत, म्हणून सर्वांनी माना वळविल्या. "मॅडम, त्या फडक्याला तांबडं काय लागलं हुतं?"

"मळ होता, तात्या."

"मळ काळा आसतोय. भट्टीत जल्म गेला माझा, मला मळ कळत न्हाई व्हय? मी बॅटरी धरून हुतो. तांबडं हुतं, आन बाजूला पिवळं." बाई मेजाकडे पाहत राहिल्या. तात्या एक पाऊल पुढे आले आणि त्यांचा आवाज बारीक जाहला. "कुकू हुतं का त्ये?"

बाईंचा हात खिशाकडे गेला, आणि उत्तर सर्वांस पोहोचले. तात्यांनी डोक्यावरचे शिरस्त्राण, जे पिवळे प्लॅस्टिकचे असते, ते काढून हातात घेतिले आणि धन्यांस म्हणाले, "साहेब, त्ये काम माझं. खंडेनवमीला मी तारा भाईर काढल्या आन टोकाला हळदकुकू लावलं. चांगलं व्हावं म्हून लावलं, पर लावलं. ही पोर तवा गावाला हुती. हिचा त्यात काय बी दोष न्हाई. गोदामात कुणाला धाडायचं आसंल तर मला धाडा."

कारभारी उठून उभे राहिले. "बघा साहेब! मी दरवर्षी सांगतोय! ही पूजा..."

"टिळेकर," धनी म्हणाले, "त्या दुपारी तुम्ही पेटीला काय काय केलंत, ते एकदा सांगता का? ओळीनं सांगा." कारभारी आठवू लागले. पंखा आठवला, वेग आठवला, पुढचा क्रम काही केल्या लागेना. सदर या वेळी हसली नाही, ही सदरेची चूक जाहली ऐसे आमचे मत आहे. धन्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि आज्ञा केली की, पूजा राहील, मान तात्यांचा राहील, मंजिरीबाई आपले पदी राहतील, आणि पेटीच्या खोलीची किल्ली सणावारीही एकट्या बाईंकडे राहील.  परंतु तात्या म्हणाले, "मान मला नको, साहेब," आणि शिरस्त्राण हातातच धरून बाहेर गेले.

बाई मागोमाग गेल्या. तात्या अंगणात फुटक्या काचेच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. ऊन पडले होते आणि ढीग लखलखत होता. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हे संभाषण आम्ही पंपाच्या आडून ऐकिले. पंप बंद होता, म्हणून शब्दन् शब्द खरा.

तात्या म्हणाले, "एवढ्या चांगल्या बाटल्या. माझ्या हातानं."

"काच आहे, तात्या. भट्टीत जाईल, वितळेल, परत बाटल्या होतील."

"आन तुझी नोकरी गेली आस्ती म्हंजे? ती बी वितळून परत झाली आस्ती व्हय?"  तात्यांनी एक काचेचा तुकडा उचलिला आणि पुन्हा ढिगात ठेविला. "बोलली का न्हाईस, पोरी? खिशात हुतं की तुझ्या."

बाई खाली बसल्या. त्या दिवशी त्या जितक्या बोलल्या तितक्या राज्यात आल्यापासून बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "याच्या आधी मी दोन कारखान्यांत होते, तात्या. तिथं माझी पेटी कुठल्या खोलीत आहे हे कुणाला माहीत नव्हतं. चालू असली की कुणी विचारायचं नाही. बंद पडली की शिव्या द्यायला यायचे. मी सोडून आले तेव्हा मी सोडलं हे पण त्यांना उशिरा कळलं. माझ्या पेटीला कुंकू लावायला आजपर्यंत कुणी आलं नव्हतं." येथे त्या थांबल्या आणि ओढणीने नाक पुसून पुढे म्हणाल्या, "ते फडकं बघितलं ना, तेव्हा मला आधी रडूच आलं. राग नंतर आला. आणि तो पण टिकला नाही. मग ते फडकं टिळेकर साहेबांच्या हातात कसं देऊ?"

 तात्यांनी शिरस्त्राण डोक्यावर ठेविले, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि म्हणाले, "डबा आणलायस न्हवं? आण हिकडं. आजपास्नं आमच्यात बसून खायाचं."

येणेप्रमाणे दिव्यांचा लपंडाव मिटला. औषधवाले पाहणी करून समाधान पावून गेले, आणि तात्यांनी मान न घेण्याचा हट्ट दिवाळीच्या फराळापर्यंत चालविला आणि चिवड्याबरोबर सोडिला. पेटी बिनबोभाट चालते, म्हणून तिचे नाव कोणी काढीत नाही, एक तात्या तेवढे रोज जेवताना बाईंस पुसतात, "बरी हाय न्हवं तुझी पेटी?" आणि बाई म्हणतात, "बरी आहे." जाहले ते लिहिले, येथे लेखणी पुसून ठेविली.